सत्काराला उत्तर

आपला सत्कार होणार आहे ही बातमी चंद्रप्रभाबाईंना व्हॉट्सअ‍ॅपवरून कळली, आणि तीही सगळ्या जगाला कळून झाल्यावर. मराठी मंडळाच्या ग्रुपवर दिवाळी पहाटेचं पोस्टर पडलं होतं. वर पणत्या, खाली प्रायोजकांची नावं, मधोमध रुचिरा देवस्थळीचा हसरा फोटो आणि त्या फोटोच्या खाली, पासपोर्टाला लावतात तेवढ्या चौकोनात, खुद्द चंद्रप्रभाबाई. शेजारी लिहिलं होतं, 'ज्येष्ठ गायिका सौ. चंद्रप्रभा केळुसकर यांचा हृद्य सत्कार'. त्याखाली जोडलेल्या हातांची आणि फुलांच्या गुच्छांची रांग लागून राहिली होती.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ज्येष्ठ आणि हृद्य, ही दोन विशेषणं एका ओळीत आली की शहाण्या माणसानं ओळखावं, आपल्याला नारळ मिळतोय. इथे तर खराखुरा नारळही मिळणार होता, शालीसकट.

"अहो," त्यांनी हाक मारली, "हे काय आहे?"

मुरलीधरराव बाल्कनीत पेपर वाचत बसले होते. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात त्यांचा जन्म गेलेला. बायकोच्या नुसत्या सुरावरून मामला किती गंभीर आहे ते त्यांना पूर्वी अचूक कळायचं. गळ्याच्या ऑपरेशननंतर ती सोय गेली होती. आता बाईंचं प्रत्येक वाक्य सारखंच खरखरीत निघायचं. त्यामुळे ते अगदी बेसावधपणे म्हणाले, "अगं हो, सांगायचंच राहिलं. सुधाकररावांचा फोन आला होता. मी हो म्हणून टाकलं. म्हटलं, तुला बरं वाटेल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या वतीनं तुम्ही हो म्हणालात?"

"त्यात काय एवढं? सत्कारच तर आहे. तुला काही करायचंसुद्धा नाही, नुसतं बसायचं."

"म्हणजे गायचं नाही."

"चंदा, आता..." मुरलीधरराव म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

ते वाक्य त्या घरात सगळेच गिळत होते. गळ्यातली गाठ काढताना आवाजाची एक नस दुखावली होती. गाठ काढणं भागच होतं, असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलंही होतं, कुणाला बोल लावायची सोय नव्हती. पण त्या दिवसापासून बाईंचे वरचे सूर गेले ते गेलेच. मधल्या सप्तकात आवाज लागायचा, क्षणभर टिकायचा, मग फुटायचा. एका सुराचे दोन व्हायचे आणि त्या दोघांच्या मधून नुसती हवा जायची.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात त्यांनी उभं आयुष्य गाणं शिकवलं होतं. रेडिओवर गायल्या होत्या. दिल्लीतल्या मराठी घरात बारसं असो की लग्न, केळुसकरबाईंना बोलावलं नाही असं व्हायचं नाही. पुढे देश खुला झाला, परदेशी कंपन्या आल्या, त्यातल्याच एकीत हेरंबला, त्यांच्या मुलाला, नोकरी लागली आणि बिऱ्हाड गुडगावला आलं. आता तर गुडगावचं गुरुग्राम झालं होतं. सोसायटीचं नाव 'व्हिस्परिंग ब्रूक'. नावात ओढा, प्रत्यक्षात पाण्याचा टँकर. तिथेही बाईंनी क्लास काढला. स्विमिंग आणि गणिताच्या ट्यूशनच्या मधल्या फटीत मुलं येऊन बसायची आणि त्यातूनच ही रुचिरा घडली, जी आता पोस्टरवर मधोमध हसत होती. ऑपरेशननंतर मुलांच्या आया फार गोड बोलून एकेक करत बाजूला झाल्या. 'आंटी, आप बस आराम कीजिए,' असं प्रत्येकीनं सांगितलं, जणू बाईंनी आरामासाठी अर्ज केला होता.

बाईंना आराम नको होता. त्यांना एवढंच हवं होतं की आहे हा आवाज घेऊन, आहे तसा, एकदा लोकांसमोर बसून गावं. मग ऐकायचं की नाही ते लोकांनी ठरवावं. न गाताच निरोप घ्यायला त्या तयार नव्हत्या, आणि तो निरोप परस्पर ठरलेला पाहून त्यांना खरोखर रडू आलं. रागानं आलं, पण आलं.

त्यांनी सुधाकररावांना बोलावून घेतलं. सुधाकर ताम्हाणे हे मंडळाचे अध्यक्ष. एका रंगाच्या कंपनीत उत्तर भारताचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले, दिल्लीत जन्मलेले, दिल्लीतच वाढलेले. माणूस वाईट नव्हता. फक्त जगातली कुठलीही भिंत वर एक हात मारला की नवी होते अशी त्यांची मनापासून समजूत होती.

"बाई, बात अशी आहे," ते सोफ्यावर पुढे सरकून म्हणाले, "तुमची एक इमेज आहे ना. लोकांच्या कानात तुमचा तो चौऱ्याण्णव सालच्या कॅसेटमधला आवाज आहे. तो खराब का करायचा? आपण तीच कॅसेट लावणार. तुम्ही खुर्चीवर, मागे तुमचाच भैरव. एकदम इमोशनल होईल."

"माझा आवाज वाजणार आणि मी तोंड मिटून बसणार?"

"बिल्कुल!" ते म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो ते कळून चपापले. "नाही, तसं नाही. पण... हो."

"फोटोला हार घालून पुढे लावतात तसं."

"छे छे! सणाचं काय अशुभ बोलता!"

"दहा मिनिटं द्या. रुचिराच्या आधी. मी गाईन."

सुधाकरराव मुरलीधररावांकडे बघू लागले. मुरलीधरराव पंख्याकडे बघू लागले.

"प्रोग्राम लॉक झालाय, बाई," अध्यक्ष शेवटी उठत म्हणाले. "आणि कॅसेट सुरुचीला दिली आहे साफ करायला. तीच वाजवणार स्टेजवरून. सासूच्या सत्काराला सुनेचं म्युझिक! याहून काय पाहिजे?"

म्हणजे सुनेलाही ठाऊक होतं. बाई तडक तिच्या खोलीकडे गेल्या.

सुरुची मूळची पुण्याची. सायबर सिटीतल्या एका काचेच्या इमारतीत ती मोबाइलच्या अ‍ॅपचे पडदे आखायची आणि घरी आली की आपल्या यंत्रापुढे बसायची. लाकडी चौकट, त्यात शेजारी शेजारी बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, पट्ट्यांवर बटणं आणि भोकं, आणि एका भोकातून दुसऱ्यात गेलेल्या रंगीत तारांचं जंजाळ. मॉड्युलर सिंथेसायझर, असं ती म्हणायची. मुरलीधरराव त्याला टेलिफोन एक्स्चेंज म्हणायचे. बाई काहीच म्हणायच्या नाहीत. आपल्याला ते आवडलं नाही तर काय बोलायचं, या धास्तीनं त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि सासूबाईंना आवडणार नाही या धास्तीनं सुरुचीनं कधी ऐकवलं नव्हतं. दोघींचं छान चाललं होतं.

दार उघडलं तेव्हा खोलीत बाईंचाच आवाज भरून राहिला होता. चौऱ्याण्णवचा. भैरवातला षड्ज. पण तो संपतच नव्हता. कुठल्याही माणसाच्या छातीत मावणार नाही इतका लांबला होता.

सुरुची दचकून उठली. "आई, सॉरी. कॅसेट साफ करता करता सहज घातला यात. हा सॅम्पलर आहे. यात आवाज गेला की त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, पापणी लवायच्या आत संपतील एवढे. मग मशीन ते तुकडे एकावर एक पेरत जातं. म्हणून तो असा लांबतो."

बाई ऐकत राहिल्या. सूर स्वच्छ होता, गोल होता, कुठे म्हणून ओरखडा नव्हता. सुरुचीनं बटण फिरवून तुकडा दुसरीकडून उचलला, तिसरीकडून उचलला. कुठूनही उचलला तरी तोच, तसाच. दारावरची बेल कुणी दाबून धरावी तसा. आणि ह्या बेलच्या बदल्यात आपल्याला गप्प बसवणार आहेत, हे बाईंच्या डोक्यात चढलं.

"बंद कर ते!" त्या ओरडल्या. ओरडता ओरडता आवाज फुटला आणि शेवटचं अक्षर नुसतंच घशात खरवडलं.

टेबलावरचा माइक चालूच होता. सुरुचीनं घाईघाईनं बंद करायला म्हणून एक बटण दाबलं, ते नेमकं भलतंच दाबलं गेलं आणि जुना षड्ज पुसून त्या ओरडण्याचे तुकडे खोलीत पसरले. खोल, दाट, खरबरीत असं काहीतरी. त्यात तळाशी एक सूर होता, वर दुसरा होता, मधून वारं वाहत होतं, आणि एक तुकडा दुसऱ्यासारखा नव्हता. तो आवाज हलत होता. जिवंत होता.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच, आई."

बाई खुर्ची ओढून बसल्या. जेवायच्या वेळेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी यंत्र शिकायला घेतलं आणि शिकायचं म्हणजे त्यांच्या पद्धतीनं, सुनेच्या खनपटीलाच बसून. हे बटण काय करतं? तुकडा कुठून उचलायचा ते ठरवतं. हे? तुकडा केवढा घ्यायचा ते. हे? तुकडे विरळ पेरायचे की दाट. हे उंच-खाली करायला, आणि हे दाबलं की आत नवीन काही जात नाही, जे आहे त्यातच मशीन घोळत राहतं. एकेका बटणावर बाई चार-चार दिवस बसल्या. लहानपणी त्यांना एकेका सुरावर बसवलं होतं, त्यांना दुसरी रीत ठाऊकच नव्हती. ऑफिसातून दमून आलेल्या सुरुचीला कधीकधी वैताग यायचा. "आई, यार, सगळी बटणं एकदम फिरवून बघा ना! मजा येते." यावर बाई अशा डोळे वटारायच्या की ती मुकाट्यानं चहा टाकायला जायची.

आवाजाचे हे तुकडे कसे वापरायचे हे त्यांना बटणांनी नाही, भैरवानं शिकवलं. भैरवातला कोमल रिषभ एका जागी ठेवायचा नसतो, सावकाश झुलवायचा असतो, त्याला आंदोलन म्हणतात. बाईंच्या गळ्याला आता ते जमत नव्हतं. झुलवायला गेलं की सूर तुटायचा. एके दुपारी त्यांनी तो तुटलेला रिषभच यंत्रात घातला, तुकडा जरा लांब ठेवला आणि जागेचं बटण दोन बोटांत धरून अगदी हळू पुढे-मागे केलं. सूर धड असलेल्या जागेपासून सूर फुटलेल्या जागेपर्यंत, आणि परत. रिषभ झुलायला लागला. गळ्यात राहिलेलं नव्हतं ते आंदोलन बोटांत आलं होतं, आणि ते फुटीच्या अंगावरून जात होतं, तिला वगळून नाही. बाईंनी हात काढून घेतला आणि पदरानं तोंड झाकून त्या हसल्या. ऑपरेशननंतर गाण्यामुळे आलेलं ते पहिलं हसू.

बाहेर मुरलीधरराव फ्रिज उघडून आत कान लावून उभे होते. "कॉम्प्रेसर गेलाय बहुतेक," ते म्हणाले.

सुरुचीशी भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. एका संध्याकाळी तिनं उत्साहानं जुना स्वच्छ आवाज आणि नवा फुटका आवाज एकात एक मिसळून ऐकवले. वर भरपूर गुंजन. फुटका आवाज आत कुठेतरी दडून गेला होता, देवळाच्या गाभाऱ्यात कुणी गातंय असं वाटत होतं.

"किती सुंदर लागतंय ना? कुणाला कळणारसुद्धा नाही," सुरुची म्हणाली.

"काय कळणार नाही?"

सुरुचीनं गुंजनाचं बटण उगाच थोडं मागे घेतलं.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "झाकायचंच असतं तर मी सत्कार घेतला असता. तांदूळ मोडला की त्याच्या कण्या होतात, आणि कण्यांचं काय करायचं ते आपल्याला येतं. पण कण्या बासमतीत मिसळून बासमती म्हणून वाढायच्या, हे आपल्या घरात नाही होणार."

सुरुचीचा चेहरा पडला. बाईंना वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेत इतकं नाही. रात्री जेवताना सुरुचीच म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मी घाबरले होते. लोक हसले तर, म्हणून."

"हसू देत. हसणंही आवाजच आहे की."

राहता राहिला प्रश्न स्टेजचा. दहा मिनिटं कुणी द्यायला तयार नव्हतं. आणि ती शोधून काढली मुरलीधररावांनी. त्या 'हो म्हणून टाकलं'पासून त्यांच्याशी बाई कामापुरतंच बोलत होत्या, आणि कामही फारसं काढत नव्हत्या. एके सकाळी त्यांनी स्वतः चहा केला, बायकोपुढे ठेवला आणि घसा साफ केला.

"मंत्रालयात मी निरोपसमारंभ इतके पाहिले की मोजदाद नाही. सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते. शाल दिली, नारळ दिला, चार जणांनी स्तुती केली, की शेवटी सत्कारमूर्तीला उत्तराला उभं करतात. 'दोन शब्द बोला' म्हणतात. मग तो माणूस अर्धा तास बोलतो. आपल्या बालपणापासून सुरू करतो. लोक जांभया देतात, साहेबांची गाडी खाली उभी असते, पण त्याला 'पुरे' म्हणायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. सत्कारमूर्तीच्या हातातून माइक काढून घेता येत नाही, चंदा. रीतच नाही."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे सत्कार घ्यायचा."

"घ्यायचा. आणि उत्तर द्यायचं."

"चहात साखर कमी आहे," बाई म्हणाल्या. पण त्यांनी तो सगळा प्याला, आणि मुरलीधरराव समजले की बोलणं सुरू झालं.

नरकचतुर्दशीच्या पहाटे सोसायटीच्या हिरवळीवर मांडव घातला होता. आदल्या संध्याकाळपासून पोरांनी फटाक्यांचा धूर करून ठेवला होता, त्यात दिल्लीची दिवाळीतली हवा. समोरचा टॉवर अर्धाच दिसत होता. पैठण्या नेसलेल्या बायका तोंडाला मास्क लावून एकमेकींना फराळाची आमंत्रणं देत होत्या. बाईंचा घसा उठल्यापासूनच बसला होता. गरम पाणी झालं, ज्येष्ठमध झाला, आवाज काही केल्या मोकळा होईना. षड्ज लावून पाहिला तर त्यातून सूर कमी आणि कोंडाच जास्त निघाला.

मांडवाच्या मागे तारा जोडता जोडता सुरुची हळूच म्हणाली, "आई, सत्कार होईपर्यंत लॅपटॉपवर कॅसेट वाजेल. पण तुमचा जुना आवाज मशीनमध्येपण घालून ठेवलाय. नाहीच लागला घसा, तर मी तो आणते. एक बटण दाबायचं फक्त."

"पुसून टाक."

"आई!"

"यंत्रातून म्हणतेय. कॅसेटला काही करू नकोस, ती बिचारी गुणी आहे. पण माझ्या मागे तिला उभी करू नकोस. ती असेल तर मी तिच्या भरवशावर गाईन. पुस, माझ्यासमोर पुस."

सुरुचीनं बटण धरून ठेवलं, छोटा दिवा विझला. आता खरंच काही आधार नव्हता.

सत्कार यथासांग झाला. शाल झाली, नारळ झाला, काचेचं स्मृतिचिन्ह झालं. मागे चौऱ्याण्णवच्या चंद्रप्रभाबाई तुडुंब गात होत्या आणि पुढे आताच्या चंद्रप्रभाबाई खुर्चीत गप्प बसल्या होत्या. सुधाकरराव मनापासून बोलले. त्यांना खरंच भरून आलं होतं. 'हा सोन्यासारखा आवाज' असं ते दोनदा म्हणाले आणि दोन्ही वेळा त्यांचा हात स्पीकरकडे गेला. मग पद्धतीप्रमाणे ते म्हणाले, "आता सत्कारमूर्तींना विनंती, त्यांनी दोन शब्द बोलावेत."

बाई उठल्या. पोडियमकडे न जाता त्या सुरुचीच्या शेजारी, यंत्रापुढे सतरंजीवर येऊन बसल्या. सुरुचीनं लॅपटॉपवरची कॅसेट थांबवली आणि माइक त्यांच्या हाती दिला.

"ज्या आवाजाला तुम्ही शाल दिलीत तो खरंच चांगला होता," बाई म्हणाल्या. माइकमधून आपला खरखरीत आवाज सगळीकडे पसरताना त्यांनी ऐकला. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं नजर खाली वळवली. "मलाही तो आवडायचा. पण तो आता माझ्याकडे नाही. माझ्याकडे हा आहे. माझं उत्तर मी यातच देते."

त्यांनी षड्ज लावला. तो लागला, थरथरला, फुटला. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं, कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. बाईंनी ते ऐकलं आणि बटण दाबलं.

फुटलेला षड्ज तुकड्या-तुकड्यांनी मांडवात उभा राहिला. त्यात धूर होता, घशातला कोंडा होता, आणि तळाला, कुणी न पुसलेला, सूर होता. त्या सुरावर बाईंनी रिषभ घेतला, तोही फुटला, तोही त्यांनी आत घेतला आणि दोन बोटांनी झुलवायला सुरुवात केली. लोकांना काय करावं कळेना. काही जण मोबाइल काढून शूटिंग करू लागले. एक आजोबा मोठ्यांदा म्हणाले, "माइक बिघडलाय, कुणीतरी बघा रे." विंगेत तानपुरा घेऊन बसलेली रुचिरा मात्र डोळे मिटून ऐकत होती आणि तिचा एक हात रिषभाबरोबर हलत होता.

सुधाकररावांना घाम फुटला. समोर प्रायोजक बसले होते. माइक काढून घेता येत नव्हता, ते त्यांनाही ठाऊक होतं. पण लांबलेल्या भाषणावर प्रत्येक मंडळाकडे एक उपाय असतो, तो त्यांनी केला. बाई श्वास घ्यायला थांबल्या तेवढ्यात ते हसऱ्या चेहऱ्यानं पुढे आले आणि त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मंडळी सुटल्यासारखी टाळ्या वाजवू लागली. सगळा मांडव टाळ्यांनी भरला. 'धन्यवाद, बाई, फार सुंदर,' असं सुधाकरराव ओठांनी म्हणत होते आणि हातानं खुर्चीकडे वाट दाखवत होते.

सुरुचीनं बाईंकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. झालं, संपलं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

बाईंनाही क्षणभर वाटलं, उठावं. आयुष्यभर टाळ्या पडल्या की हात जोडून उठायची सवय. माइक मांडीवर ठेवला गेला, हात जोडायला निघालेसुद्धा होते. पण टाळ्या गाणं संपल्यावर द्यायच्या असतात, आणि आपलं संपलेलं नाही. या टाळ्या आपल्याला नव्हत्या, आपण गप्प बसण्याला होत्या. बाईंनी जोडायला निघालेल्या हातांतला एक मागे घेतला, माइक उचलला आणि तो सरळ लोकांसमोर धरला. दुसऱ्या हातानं त्यांनी यंत्राचं बटण दाबलं. टाळ्या आत गेल्या.

लोकांच्या टाळ्या हळूहळू विरल्या. स्पीकरमधल्या विरल्या नाहीत.

बाईंनी तुकडा अगदी लहान केला. कढईत मोहरी तडतडावी तशा टाळ्या तडतडू लागल्या. मग त्यांनी पेरणी विरळ केली आणि सूर खाली खाली उतरवला. त्या शेदोनशे माणसांच्या टाळ्यांचा एक जड, संथ ठेका झाला, अंगणात कुणी धान्य कांडत असावं तसा. मांडवातली चुळबूळ थांबली. आपलेच हात आपल्याला परत ऐकू येतायत हे एकेकाला कळत गेलं. सुधाकरराव तळवे अर्धे उचलून तसेच उभे राहिले. पुन्हा टाळी वाजवावी तर तीही आत जाणार. त्यांनी हात हळूच कुर्त्याच्या खिशात घातले.

आणि त्या ठेक्यावर बाई गायल्या. षड्जापासून निघाल्या, रिषभावर फुटल्या, गांधारावर सावरल्या, पंचमाला जाताना आवाज नुसताच वारा झाला. त्या वाऱ्यासकट त्या पंचमावर पोचल्या. खोकल्या नाहीत, 'माफ करा' म्हणाल्या नाहीत, मान खाली घातली नाही. जिथे सूर होता तिथे सूर गायल्या, जिथे नव्हता तिथे नसलेला गायल्या. मुरलीधरराव पहिल्या रांगेत ताठ बसले होते आणि गालांवरून ओघळणारं पाणी पुसायचं त्यांच्या लक्षातच येत नव्हतं. मघाशी माइक बघायला सांगणाऱ्या आजोबांनी शेजारच्याला गप्प केलं.

गाणं किती वेळ चाललं हे नंतर प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं. बाई थांबल्या त्या कुणी थांबवलं म्हणून नाही. भैरव षड्जावर परत आला, तेवढं त्यांना म्हणायचं होतं, म्हणून थांबल्या. त्यांनी एकेक बटण मागे आणलं. टाळ्यांचा ठेका विरळ होत गेला, एकेक टाळी सुटी पडू लागली, आणि शेवटची एक वाजून सगळं शांत झालं.

कुणी हललं नाही. टाळ्या वाजवाव्यात की नाहीत हेच कुणाला समजेना.

बाईंनी माइक तोंडाजवळ आणला. "सुधाकरराव," त्या त्याच फुटक्या, खरबरीत आवाजात म्हणाल्या, "आता वाजवा टाळ्या. आता माझं गाऊन झालंय."